सर्व्हरचं मागचं दार: लॅपटॉप, एक केबल आणि सीरियल कन्सोल

(या भागाचा हा लिखित उतारा. बोलताना मध्ये मध्ये येणारे 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत, दोनचार वाक्यं सरळ केलीत, बाकी बोलले तसंच ठेवलंय. कमांड मी मोठ्याने बोलून दाखवल्या होत्या, त्या इथेही तशाच आहेत.)

[००:००] सुरुवात

हेडफोन लावा, बस किंवा लोकलमध्ये असाल तर जरा कोपरा पकडा, कारण आजची गोष्ट माझ्या फजितीची आहे. फजिती ऐकायला सगळ्यांना आवडतं, मला माहितीये.

मागच्या काही भागांनंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं की सर्व्हरवर एसएसएचने लॉगिन करायचं ते कळलं, पण एसएसएचच बंद पडलं तर? नेटवर्कच गेलं तर? आणि त्या सर्व्हरला मॉनिटर, कीबोर्ड लावायची सोयच नसेल तर काय करायचं?

त्याचं उत्तर म्हणजे सीरियल कन्सोल. एसएसएच हे घराचं पुढचं दार आहे असं समजा. सीरियल कन्सोल म्हणजे परसदार. रोज तिथून कुणी येत-जात नाही, कडीला गंज चढलेला असतो. पण पुढच्या दाराची किल्ली आत राहिली आणि दार ओढलं गेलं, की सगळ्यांना तेच आठवतं.

माझी किल्ली आत राहिली होती. कशी, ते सांगते.

[०१:४०] शनिवार, रात्री साडेआठ

नोकरीचं पहिलंच वर्ष. पुण्यात एका छोट्या कंपनीत मी सिस्टम ॲडमिन होते. आमचं एक गिऱ्हाईक म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावातली एक पतसंस्था. नाव सांगत नाही, चूक त्यांची नव्हतीच. त्यांच्या शाखेत एक छोटा लिनक्स सर्व्हर होता, डब्यासारखा. काउंटरवरचे कॉम्प्युटर त्या डब्यातून मुख्य कार्यालयाला जोडले जायचे. फायरवॉलही त्याच्यातच.

दिवाळी जवळ आली होती. वर्षभर आठवड्याला शंभर-दोनशे रुपये टाकून लोकांनी दिवाळी ठेव जमवलेली असते, ती सोमवारी वाटायची होती. सोमवारी सकाळी दहाला शटर उघडणार आणि दारात रांग असणार.

आणि मी शनिवारी रात्री, पुण्यात बसून, फायरवॉलचे जुने नियम साफ करायला घेतले. एसएसएचने आत गेले आणि एका ओळीत दोन कमांड टाइप केल्या. पहिली: आयपीटेबल्स, स्पेस, डॅश, मोठा एफ. म्हणजे सगळे नियम पुसून टाक. मग अर्धविराम, आणि दुसरी: नेटफिल्टर-पर्सिस्टंट सेव्ह. म्हणजे आत्ताची स्थिती कायमची जतन कर. एंटर.

स्क्रीन गोठली.

ज्यांना कळलं त्यांनी कपाळाला हात लावला असेल. ज्यांना नाही कळलं त्यांच्यासाठी: आयपीटेबल्समध्ये नियम वेगळे आणि मूळ धोरण वेगळं. अमुक पॅकेट येऊ दे, तमुक येऊ दे, हे नियम. आणि कुठल्याच नियमात न बसणाऱ्या पॅकेटचं काय करायचं, ते मूळ धोरण. या डब्यावर मूळ धोरण होतं 'ड्रॉप', टाकून द्या. मोठ्या एफने नियम पुसले जातात, धोरण तसंच राहतं. म्हणजे 'एसएसएचला येऊ दे' हा नियम मी पुसला आणि 'सगळं टाकून द्या' हे मागे ठेवलं. वर दुसऱ्या कमांडने ते जतनही केलं. माझं कनेक्शन तुटलं तरी ती दुसरी कमांड तिकडे चालतच होती, कारण कमांड सर्व्हरवर चालते, माझ्या लॅपटॉपवर नाही.

शाखेच्या मॅनेजर मॅडम अजून हिशेब जुळवत बसल्या होत्या. मी फोन केला आणि म्हणाले, "मॅडम, तुमची इंटरनेट लाइन गेलेली दिसतेय, तो डबा एकदा बंद-चालू कराल का?" त्यांनी केला. काही फरक पडला नाही. पडणार कसा? जतन केलेली चूक परत लोड झाली.

दहा वाजता मी आमच्या सरांना फोन लावला. त्यांनाही तेच सांगितलं, बहुतेक लाइनचा प्रॉब्लेम आहे. सर शांतपणे म्हणाले, "अगं, लाइनचं राहू दे. तू शेवटची कमांड काय दिलीस?"

मी काही सेकंद गप्प. मग सांगितलं.

ते म्हणाले, "बरं झालं बोललीस. लाइनवाल्याच्या मागे लागलो असतो तर रविवार गेला असता. त्या डब्याला मॉनिटर लागत नाही, व्हिडिओ पोर्टच नाही त्याला. मागे नऊ पिनांचं सीरियल पोर्ट आहे. ऑफिसच्या खालच्या ड्रॉवरमधली केबल घे, यूएसबी कन्व्हर्टर घे आणि पहाटेची गाडी पकड."

[०५:००] सीरियल म्हणजे नक्की काय?

रविवारी पहाटे स्वारगेटहून एसटी पकडली. आता गाडी पोचेपर्यंत आपण जरा थिअरी उरकू.

सीरियल म्हणजे एकामागून एक. एका तारेवरून एक एक बिट, रांगेत. ज्या पोर्टबद्दल आपण बोलतोय त्याच्या मागचं प्रमाण आहे आरएस-२३२. ते पहिल्यांदा १९६० साली आलं, अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेकडून. टेलिप्रिंटरसारखी यंत्रं मोडेमला जोडण्यासाठी. पर्सनल कॉम्प्युटरवर नऊ पिनांचं पोर्ट रूढ झालं ते आयबीएमच्या १९८४ च्या पीसी-एटीपासून.

लिनक्समध्ये टर्मिनलला 'टीटीवाय' का म्हणतात, कधी विचार केलाय? टेलिटाइप. टाइपरायटरसारखं यंत्र, दोरीसारख्या लांब तारेने कॉम्प्युटरला जोडलेलं. टेलिटाइप कंपनीचं मॉडेल ३३ नावाचं यंत्र सेकंदाला दहा अक्षरं छापायचं, बस. ती यंत्रं गेली, नाव राहिलं. आज तुम्ही लॅपटॉपवर काळी खिडकी उघडता तेव्हा खरं तर त्या टाइपरायटरची नक्कल उघडत असता.

आता मुद्दा असा: हे सगळं नेटवर्कच्या आधीचं आहे. सीरियल कन्सोलला आयपी ॲड्रेस लागत नाही, राउटर लागत नाही, फायरवॉल त्याच्या वाटेत येत नाही. सर्व्हर चालू होताना कर्नल जे बडबडतं तेही त्याच्यावर दिसतं, नेटवर्क उभं राहायच्या कितीतरी आधी. म्हणून ते परसदार.

किमान किती तारा लागतात? तीन. एक बोलायची, एक ऐकायची, एक ग्राउंड. नऊ पिनांच्या पोर्टवर, कॉम्प्युटरच्या बाजूने, दोन नंबरची पिन ऐकायची, तीन नंबरची बोलायची आणि पाच नंबरची ग्राउंड. बाकी सहा पिना 'मी तयार आहे', 'तू थांब' असल्या खाणाखुणांसाठी. आपल्या कामाला सहसा लागत नाहीत.

दोन, तीन, पाच. लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

[०७:३०] केसातली पिन

शाखेत पोचले. रविवार असूनही मॅनेजर मॅडम किल्ली घेऊन आल्या होत्या. वॉचमन काकांनी चहा आणला. आणि मी आधी ते केलं जे रात्रभर मनात घोळत होतं. म्हटलं, "मॅडम, लाइन गेली नव्हती. माझ्या हातून चुकीची कमांड गेली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "उद्या दहाच्या आत होईल ना?"

"होईल," म्हटलं. मला खात्री नव्हती.

माझ्या लॅपटॉपला अर्थातच सीरियल पोर्ट नव्हतं, तुमच्याही नसणार. त्यासाठी यूएसबी ते सीरियल कन्व्हर्टर लागतो. त्याच्या आत एक चिप असते: एफटीडीआयची, प्रॉलिफिकची, नाहीतर सीएच-३४० नावाची स्वस्तातली. लिनक्सवर बहुतेक वेळा ड्रायव्हर आधीच असतो. लावल्यावर डीमेसेज ही कमांड दिली की शेवटच्या ओळींत नाव दिसतं, बहुधा स्लॅश डेव्ह स्लॅश टीटीवाय-यूएसबी-शून्य. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'पोर्ट्स'खाली कॉम-३, कॉम-५ असं काहीतरी दिसेल. तिथे पिवळं उद्गारचिन्ह असेल तर ड्रायव्हर नाहीये.

मग टर्मिनलचा प्रोग्रॅम. लिनक्स आणि मॅकवर स्क्रीन, लिनक्सवर मिनिकॉम किंवा पिकोकॉम, विंडोजवर पुटी. मी दिलं: स्क्रीन, स्पेस, स्लॅश डेव्ह स्लॅश टीटीवाय-यूएसबी-शून्य, स्पेस, ९६००.

परवानगी नाही!

हे इतक्या जणांना होतं की सांगून ठेवते. डेबियन आणि उबुंटूवर सीरियल पोर्ट वापरायला तुमचं नाव 'डायलआउट' नावाच्या गटात असावं लागतं. मोडेमने फोन लावायचे त्या काळाचं नाव आहे ते. त्या गटात स्वतःला घाला, एकदा लॉगआउट-लॉगिन करा. घाई असेल तर सुडो लावा.

सुडो लावलं. काळी स्क्रीन उघडली. एंटर दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही.

सरांना फोन. ते म्हणाले, "आधी आपली बाजू तपास. कन्व्हर्टरच्या टोकाला दोन आणि तीन नंबरची पिन एकमेकींना जोड. आणि टाइप कर."

का? तीन बोलायची, दोन ऐकायची. दोन्ही जोडल्या म्हणजे माझंच बोलणं मला परत ऐकू येणार. विहिरीत वाकून हाक मारल्यासारखं. माझ्याकडे जोडायला काही नव्हतं, मग केसातली पिन काढली, दोन्हींना टेकवली आणि टाइप केलं: 'येतंय का'. स्क्रीनवर उमटलं: 'येतंय का'. पिन काढली, उमटायचं थांबलं.

याला म्हणतात लूपबॅक टेस्ट. तीस सेकंदांचं काम आहे आणि त्यातून नक्की कळतं की लॅपटॉप, ड्रायव्हर, कन्व्हर्टर, प्रोग्रॅम, सगळं ठीक आहे. दोष आहे तो पुढे, केबलमध्ये किंवा सर्व्हरमध्ये. अडचणीला मधोमध कापायचं आणि अर्धी बाजू निकालात काढायची. ही सवय मला त्या केसातल्या पिनेने लावली.

[१०:२०] केबल सरळ की उलटी

मग केबल. ड्रॉवरमधली केबल दोन्ही टोकांना चपखल बसत होती. पण बसली म्हणजे जुळली असं नाही.

विचार करा, जुन्या फोनचे दोन रिसीव्हर एकमेकांना चिकटवायचे आहेत. एकाचं बोलायचं टोक दुसऱ्याच्या ऐकायच्या टोकाला यायला हवं. सरळ चिकटवले तर तोंडाला तोंड, कानाला कान. दोघंही बोलतायत, दोघंही ऐकतायत, कुणालाच काही कळत नाही.

मोडेमला जोडायच्या केबली सरळ असतात, कारण मोडेमच्या पिनांची मांडणी मुळातच उलटी असते. पण दोन कॉम्प्युटर थेट जोडायचे, तर केबलमध्येच दोन आणि तीनची अदलाबदल करावी लागते. तिला नल मोडेम केबल म्हणतात. मधे मोडेम नाही, तरी आहे असं भासवणारी. दिसायला दोन्ही केबली अगदी सारख्या. मी आणली होती ती सरळ.

आता रविवारी, तालुक्याच्या गावात, नल मोडेम केबल कुठे मिळणार? वॉचमन काका म्हणाले, "ताई, स्टँडाजवळ टीव्ही रिपेअरवाले आहेत, ते वरच राहतात. उठवू का?"

दुकान उघडलं. साठीचे गृहस्थ, चष्मा कपाळावर. मी तीन मिनिटं आरएस-२३२ समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे दोन तारा उलट्या करायच्यात. एवढंच ना?"

एवढंच! त्यांनी केबल मधोमध कापली. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून, म्हणजे जोड मिळाला की 'पीं' वाजतं त्या सेटिंगवर, दोन्ही तुकड्यांमधली दोन, तीन आणि पाच नंबरची तार शोधली. इकडची दोन तिकडच्या तीनला, इकडची तीन तिकडच्या दोनला, पाचला पाच. पिळ दिला, टेप लावली. बाकीच्या तारा एकमेकींना लागू नयेत म्हणून वेगवेगळ्या छाटल्या. पैसे विचारले तर म्हणाले, "माझी ठेव उद्याच घ्यायचीये तिथून. चालू करून ये आधी."

इथे एक इशारा, विशेषतः कॉलेजच्या प्रोजेक्टवाल्यांना. अर्डुइनो, रास्पबेरी पाय यांच्यासाठी तुमच्याकडे जो यूएसबी कन्व्हर्टर असतो तो टीटीएलवाला असतो, ३.३ किंवा ५ व्होल्टचा. आरएस-२३२ मध्ये मात्र एक म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि शून्य म्हणजे अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट. तीनच तारा, नावंही तीच, पण भाषा वेगळी. टीटीएलवाला बोर्ड सर्व्हरच्या नऊ पिनांच्या पोर्टला थेट जोडलात तर बोर्ड जळू शकतो. नऊ पिनांचं पोर्ट असेल तर आरएस-२३२ वालाच कन्व्हर्टर घ्या.

दुसरा इशारा: सिस्कोसारख्या कंपन्यांच्या राउटर-स्विचवर कन्सोलचं पोर्ट लॅनच्या पोर्टसारखं दिसतं, आणि त्याची केबल बहुतेकदा चपटी, आकाशी रंगाची असते. ती लॅनच्या भोकात खुपसायची नाही आणि लॅनची केबल तिथे खुपसायची नाही. लेबल वाचा. वाचायला काय पैसे पडतात?

[१३:१०] श्रुतलेखनाचा वेग

परत आले. केबल लावली. मॅडमना सांगून डबा बंद-चालू केला, म्हणजे सुरुवातीपासूनची बडबड दिसेल.

आणि स्क्रीनवर अक्षरं आली! पण कसली? उलटे प्रश्नचिन्ह, चौकोन, फुल्या. चिनी की मोडी, काही कळेना. मला रडू यायचं बाकी होतं. सरांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "छान! आता तार बरोबर आहे. वेग चुकलाय."

हे समजून घ्या, कारण ते सुंदर आहे. या जोडणीत घड्याळाची तार नसते. समोरचा बिट कधी सुरू झाला, कधी संपला हे कुणी सांगत नाही. दोघांनी आधीच ठरवलेलं असतं की एक बिट इतका वेळ टिकेल. शाळेतलं श्रुतलेखन आठवा. बाई ज्या वेगाने सांगतायत त्याच वेगाने लिहिलं तर शब्द जुळतात. बाई बाराच पट वेगाने बोलल्या तर वहीत काय उमटेल?

९६०० या वेगाला एक बिट साधारण १०४ मायक्रोसेकंद टिकतो. ११५२०० ला साधारण ८.७. म्हणजे बरोबर बारा पट फरक. डबा ११५२०० ने बोलत होता, मी ९६०० ने ऐकत होते. माझा एक बिट होईपर्यंत त्याचं एक अख्खं अक्षर उलटून जायचं.

या वेगाला बॉड म्हणतात. एमिल बोदो नावाच्या फ्रेंच तार-अभियंत्यावरून. त्याने १८७४ मध्ये पाच बिटांच्या तारसंकेताचं पेटंट घेतलं होतं. तुमच्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एकोणिसाव्या शतकातल्या माणसाचं नाव आहे बघा.

वेगासोबत एक छोटा मंत्र असतो: आठ-एन-एक. आठ बिट डेटाचे, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. सुरुवातीचा एक स्टार्ट बिट धरून एका अक्षराला दहा बिट. म्हणजे ९६०० ला सेकंदाला ९६० अक्षरं. ८० गुणिले २५ ची पूर्ण स्क्रीन भरायला दोन सेकंदांहून थोडा जास्त वेळ. म्हणून सीरियलवर जरा सावकाश वाटलं तर घाबरू नका.

तर नियम असा: काहीच दिसत नसेल तर तार बघा, कचरा दिसत असेल तर वेग बघा. आधी ९६००, मग ११५२००, मग ३८४०० आणि १९२००. बहुतेक वेळा पहिल्या दोनांतच काम होतं. आणि अक्षरं नीट दिसतायत पण तुम्ही टाइप केलेलं पोचत नाहीये, असं असेल तर फ्लो कंट्रोल बंद करा. तीन तारांच्या केबलमध्ये 'तू थांब' म्हणायची तारच नसते, आणि प्रोग्रॅम त्या खुणेची वाट बघत बसतो. पुटीमध्ये आणि मिनिकॉममध्ये ही सेटिंग हमखास तपासा. अजून एक: चुकून कंट्रोल-एस दाबलं गेलं तर पडदा गोठल्यासारखा होऊ शकतो. कंट्रोल-क्यू दाबा, सुटतो.

मी स्क्रीन बंद केलं. कंट्रोल-ए, मग के, मग 'हो'. परत उघडलं, या वेळी शेवटी ११५२००. एंटर.

डब्याचं नाव, आणि त्याच्यापुढे: लॉगिन.

[१६:००] आत शिरल्यावर

इथे घाई करायची नाही. सर म्हणाले, "आधी इंटरनेटची लाइन डब्यातून काढ. आपण दार उघडणार आहोत, बाहेरचं कुणी आत यायला नको."

लाइन काढली. मग आत येणाऱ्या पॅकेटचं मूळ धोरण तात्पुरतं 'ॲक्सेप्ट' केलं: आयपीटेबल्स, डॅश मोठा पी, इनपुट, ॲक्सेप्ट. लॅपटॉप लॅन केबलने डब्याला जोडला. सरांनी जुन्या नियमांची फाइल पाठवली होती, ती डब्यावर टाकली आणि आयपीटेबल्स-रिस्टोअरने चढवली. जतन मात्र केलं नाही. आधी दुसऱ्या खिडकीतून एसएसएच करून बघितलं. आलं. काउंटरच्या कॉम्प्युटरवरून मुख्य कार्यालय लागतंय का, लाइन परत जोडून मॅडमनी बघितलं. लागलं. मगच जतन केलं. आणि मग डबा एकदा बंद-चालू करून परत सगळं तपासलं.

दुपारचे साडेतीन झाले होते. मॅडमनी डबा उघडला, त्यांचा जेवणाचा, आणि अर्धी पोळी माझ्याकडे सरकवली.

शेवटी सर म्हणाले, "कन्सोलवरून एक्झिट केलंस का?" नव्हतं केलं. केबल उपटून निघालेच होते. हे फार महत्त्वाचं आहे. एसएसएच तुटलं की सेशन संपतं. साध्या तीन तारांच्या सीरियलमध्ये पलीकडचा निघून गेला हे सर्व्हरला कळतच नाही. तुम्ही रूट म्हणून लॉगिन असताना केबल काढलीत, तर उद्या जो कुणी तिथे केबल लावेल तो थेट रूट. परसदार उघडं टाकून जायचं नाही.

[१८:००] तुम्हाला तयारी करून ठेवायची असेल तर

आमच्या डब्यावर सीरियल कन्सोल आधीपासून चालू होतं, म्हणून मी वाचले. साध्या सर्व्हरवर ते आपोआप असेलच असं नाही. तीन ठिकाणी बघा.

पहिलं, बायोस. तिथे 'कन्सोल रीडायरेक्शन' नावाची सेटिंग असते. ती चालू केली की बायोसचे मेन्यूसुद्धा सीरियलवर दिसतात.

दुसरं, ग्रब आणि कर्नल. डेबियन-उबुंटूवर स्लॅश ईटीसी स्लॅश डिफॉल्ट स्लॅश ग्रब या फाइलमध्ये कर्नलच्या ओळीत दोन शब्द घालायचे. एक, कन्सोल बरोबर टीटीवाय-शून्य. दोन, कन्सोल बरोबर टीटीवाय-एस-शून्य, स्वल्पविराम, ११५२००. दोन्ही घातले की कर्नलचे संदेश मॉनिटरवरही जातात आणि सीरियलवरही. जो शेवटी लिहाल तो मुख्य कन्सोल. मग अपडेट-ग्रब चालवा.

तिसरं, लॉगिन. सिस्टमडी असेल तर वरचा बदल पाहून ते सीरियलवर लॉगिन आपोआप उभं करतं. वेगळं काही करावं लागत नाही.

आणि दूरवरून फायरवॉल बदलायचीच असेल, तर आयपीटेबल्स-अप्लाय नावाचं साधन आहे. ते नवे नियम लावतं आणि विचारतं, तुम्ही अजून आहात ना? ठरलेल्या वेळात उत्तर नाही आलं, तर जुने नियम परत. हे मला आदल्या दिवशी माहीत असतं तर हा भागच झाला नसता.

आता तुमच्यासाठी खास: लॅपटॉप नसेल तर मोबाईलवरही हे होतं. अँड्रॉइड फोनला ओटीजी अडॅप्टर लावा, त्याला यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर, आणि प्ले स्टोअरमधून यूएसबी सीरियल टर्मिनलचं एखादं ॲप घ्या. रूट करायची गरज नाही. वेग, आठ-एन-एक, एंटर, तेच सगळं. फोनच्या कीबोर्डवर टाइप करताना ऑटोकरेक्ट तेवढं बंद करा, नाहीतर तो तुमच्या कमांडचं शुद्धलेखन सुधारेल.

[२०:१०] जाता जाता

कुणी म्हणेल, क्लाउडच्या जमान्यात हे कशाला? ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवतेय? आपल्याकडे नऊ वाजून गेले होते, आणि व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, फेसबुक सगळं बंद. आपण सगळे वायफाय बंद-चालू करत बसलो होतो. सुमारे सहा तास. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडमुळे त्यांचं स्वतःचं मुख्य नेटवर्क तुटलं होतं. नंतर कंपनीने लिहिलं की नेहमीचा रस्ता आणि अडीअडचणीसाठी ठेवलेला वेगळा रस्ता, दोन्ही बंद होते, त्यामुळे इंजिनिअरना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावं लागलं. माझी पतसंस्था आणि त्यांचं जग, आकारात केवढा फरक! पण शेवटी माणूस यंत्रापाशी जाऊन उभा राहिला, तेव्हाच काम झालं.

मोठ्या सर्व्हरमध्ये आता सीरियल ओव्हर लॅन असतं, ॲमेझॉनच्या क्लाउडवरही २०२१ पासून ईसी-टूच्या मशीनला सीरियल कन्सोल मिळतं. तार गेली, पण स्क्रीनवर दिसतं ते तेच: लॉगिन, आणि लुकलुकणारा कर्सर.

ती टेप लावलेली केबल अजून माझ्या बॅगेत आहे. वरच्या लेबलवर लिहिलंय: उलटी, ११५२००. सोमवारी सव्वादहाला मॅडमचा फोन आला होता, "रांग लागलीये, चालू आहे सगळं." टीव्ही रिपेअरवाले काका रांगेत तिसरे होते म्हणे.

तुमच्या हातून कधी सर्व्हरचं दार ओढलं गेलंय का? आणि गेल्यावर पहिला फोन कुणाला केलात, काय सांगितलंत? खरं सांगा हं, मी सांगितलंय.

केबल तपासून ठेवा, पासवर्ड लक्षात ठेवा, आणि शनिवारी रात्री फायरवॉलला हात लावू नका. भेटू पुढच्या भागात. तोवर, टाटा!